कर्नल अपडेटनंतर प्रोसेसर शंभर टक्के पळतोय? आधी जुन्या कर्नलवर बूट करून बघा

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या काकांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, मुंजीची कार्डं असलं काम. दोन मशीन आहेत, दोन्हीवर मीच उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलंय. मे महिन्यातल्या ऐन लग्नसराईत दुपारी काकांचा फोन आला, "अरे, हा डबा सकाळपासून पिठाच्या गिरणीसारखा ओरडतोय, गणपतीचं चित्र इकडून तिकडे सरकवलं तरी अडकत अडकत जातंय, संध्याकाळी पाचला पार्टी प्रूफ बघायला येणार आहे, तू हातातलं सोड आणि ये." गेलो. टॉप (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर चार कोरचा प्रोसेसर आणि त्यात जीनोम-शेल, म्हणजे डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम, एकटं २८० टक्के खातंय. आदल्या रात्री लाइट गेली होती, त्यामुळे महिन्याभरात बंदच न केलेलं मशीन सकाळी पहिल्यांदा नव्याने चालू झालं, आणि काकांनी कधीतरी अपडेटच्या डब्यावर क्लिक करून ठेवलेला नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तेव्हा पहिल्यांदा चालू झाला.

हे नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथेच चुकतात. कर्नल ज्या दिवशी इन्स्टॉल होतो त्या दिवशी काहीच बदलत नाही, मशीन रिस्टार्ट होतं तेव्हा तो लागू होतो. म्हणून "काल तर मी काहीच केलं नाही, आज अचानक झालं" हे वाक्य खरं असतं आणि तरी कारण तीन आठवड्यांपूर्वीच्या अपडेटमध्ये असू शकतं.

खाली जो क्रम लिहितोय तो मी दरवेळी वापरतो आणि मनापासून सांगतो, क्रम मोडू नका. नेटवर शोधून सापडलेले पाच उपाय एकदम टाकले की मग मशीन सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही आणि बिघडलं तर अजूनच गुंता. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

एक तास थांबा

सगळ्यात आधी हे. मोठ्या अपडेटनंतर पहिल्या बूटला मशीन मागे बरीच कामं उरकत असतं. फाइलींची यादी नव्याने बनवणारं अपडेटडीबी, जीनोम डेस्कटॉपमध्ये फाइली शोधायची सूची बनवणारा ट्रॅकर, केडीई डेस्कटॉपमध्ये तेच करणारा बालू, स्नॅप पॅकेजांचे रिफ्रेश, मॅन पेजेसचा डेटाबेस. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हे तासभर सहज चालतं. टॉपमध्ये वरच्या नावांत ट्रॅकर-मायनर किंवा बालू-फाइल दिसत असेल तर चहा घ्या, मशीन चालू ठेवा, झोपवू नका, नाहीतर ते काम अर्धवट राहतं आणि उद्या परत सुरू होतं. तासाभरानंतरही तसंच असेल तर पुढे वाचा.

नेमकं काय बदललं ते लिहून काढा

यूनेम -आर टाकलं की आत्ता चालू असलेला कर्नल दिसतो. एलएस /बूट टाकलं की डिस्कवर कुठले कुठले आहेत ते दिसतं, व्हीएमलिनुझने सुरू होणारी प्रत्येक फाइल म्हणजे एक कर्नल. काकांच्या मशीनवर ६.८ आणि ६.११ असे दोन होते आणि चालू होता ६.११. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये ६.८ घेऊन आलं, पण डेस्कटॉपला पुढे ६.११, मग ६.१४ असे नवे कर्नल त्याच व्हर्जनमध्ये येत जातात, त्यामुळे "मी उबुंटू तर तेच वापरतोय" म्हणून कर्नल तोच आहे असं धरून चालू नका.

मग /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग ही फाइल उघडा. त्यात तारीखवार सगळं असतं, कुठलं पॅकेज कुठल्या व्हर्जनवरून कुठल्यावर गेलं. ही पायरी कंटाळवाणी आहे, कुणी करत नाही, पण करा. कारण कर्नलबरोबर त्याच अपडेटात अजून चाळीस पॅकेजं बदललेली असतात, मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी), सिस्टमडी (मशीनवरच्या सेवा चालू करणारा), ब्राउजर, काय वाट्टेल ते, आणि आपण मात्र बोट दाखवतो कर्नलकडे.

मार्च २०२४ मधली गोष्ट घ्या. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर डेबियन अनस्टेबलवर बेंचमार्क करत होते, त्यांच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, लॉगिन करताना प्रोसेसर जरा जास्तच खाल्ला जातोय आणि लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरं कुणी असतं तर "अपडेटने स्लो झालं" म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी तो धागा सोडला नाही आणि शेवटी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम लपवलेला मागचा दरवाजा सापडला, २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. म्हणून अपडेटनंतर वाढलेला प्रोसेसर ही दुर्लक्ष करायची गोष्ट नाही हे मी सगळ्यांना सांगत असतो.

जुन्या कर्नलवर बूट करा, हीच खरी परीक्षा

मशीन रिस्टार्ट करा, जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय असेल तर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा, ग्रबचा मेनू येईल. त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जा, जुना कर्नल निवडा, रिकव्हरी लिहिलेली ओळ नाही, साधी ओळ. फेडोरात सहसा शेवटचे तीन कर्नल ठेवलेले असतात, ते मेनूत सरळ दिसतात. आर्चवाल्यांकडे जुना राहतच नाही, त्यांनी लिनक्स-एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल) पॅकेज टाकून त्यावर बूट करावं.

आणि हो, ही परीक्षा होईपर्यंत एपीटी ऑटोरिमूव्ह (नको असलेली जुनी पॅकेजं काढणारी कमांड) चालवू नका. जुना कर्नल हाच तुमचा साक्षीदार आहे, त्यालाच आपल्या हाताने घालवू नका.

आता तुलना कशी करायची, हा भाग मी जरा लांबवणार आहे कारण इथे फार फसगत होते. दोन्ही कर्नलवर तेच काम, तेवढाच वेळ. मी असं करतो, बूट झाल्यावर दहा मिनिटं हात लावत नाही, मग व्हीएमस्टॅट १ ६० टाकतो, एक मिनिटाचे सेकंदासेकंदाचे आकडे येतात, ते एका फाइलीत ठेवतो, मग नेहमीचा प्रोग्रॅम उघडून तेच काम करत परत एक मिनिट. काकांकडे ते काम म्हणजे स्क्रायबसमध्ये तीच चार पानी पत्रिका उघडून झूम करणं. दुसऱ्या कर्नलवर हेच परत. आणि इंदूरसारख्या गावात अजून एक पथ्य पाळावं लागतं, उन्हाळ्यात दुपारी चाळीसच्या वर पारा जातो, दुकानात एसी नाही, त्यामुळे सकाळी सातला जुना कर्नल तपासला आणि दुपारी दोनला नवा, तर तुम्ही कर्नल नाही, हवामान मोजताय. प्रोसेसर तापला की स्वतःहून स्पीड कमी करतो, स्पीड कमी झाला की तेच काम जास्त वेळ चालतं आणि टक्केवारी वर जाते. दोन्ही परीक्षा लागोपाठ अर्ध्या तासात उरका, आणि सेन्सर्स कमांडने दोन्ही वेळचं तापमान लिहून ठेवा.

जुन्या कर्नलवर सगळं शांत आणि नव्यावर पंखा सुरू, असं दोनदा आलं तर आरोप कर्नलवर किंवा त्याला चिकटून असलेल्या ड्रायव्हरवर पक्का. दोन्हीकडे सारखंच असेल तर कर्नल सोडा, दुसरीकडे बघा.

राजेंद्रनगरला माझी ताई राहते, ऑनलाइन गणिताचे क्लास घेते. तिच्या लॅपटॉपवर अपडेटच्याच दिवशी एक कोर कायम शंभरवर. तिने जुना कर्नल लावला, तरी तेच. दोन दिवस ती अपडेटला दोष देत होती. मी डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, बघितलं तर ओळीमागून ओळ, यूएसबी पोर्टवर ओव्हर-करंट. डाव्या बाजूच्या पोर्टाची आतली पिन वाकून पत्र्याला टेकलेली, बहुधा त्याच दिवशी घाईत पेन-टॅबलेटची वायर तिरकी घुसवली होती. कर्नल बिचारा दर क्षणी पोर्ट बंद करून परत चालू करायचा प्रयत्न करत होता. लॅपटॉप बंद करून पिन सरळ केली आणि प्रश्न मिटला. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती अशी.

टॉपची तिसरी ओळ वाचायला शिका

लोक टॉप उघडतात आणि थेट खालच्या यादीत कोण वर आहे ते बघतात. आधी वरच्या प्रोसेसरच्या ओळीत बघा, तिथे वेळ कुठे गेला त्याची वाटणी असते आणि पुढचा सगळा रस्ता त्यावरून ठरतो. यूएस म्हणजे साध्या प्रोग्रॅमांनी खाल्लेला वेळ. एसवाय म्हणजे खुद्द कर्नलच्या आत गेलेला. एचआय आणि एसआय म्हणजे इंटरप्ट हाताळण्यात गेलेला, इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक. आयडी म्हणजे रिकामा. डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघत बसलेला. एसटी फक्त भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर महत्त्वाचा, तो वाढला म्हणजे तुमच्या वाट्याचा प्रोसेसर होस्टवरच्या शेजाऱ्यांकडे जातोय, तिथे तुमच्या कर्नलमध्ये शोधून काही मिळणार नाही, सर्व्हर देणाऱ्याला विचारा.

१ हा आकडा दाबला की प्रत्येक कोर वेगळा दिसतो, शिफ्ट-पी ने जास्त खाणारे वर येतात, शिफ्ट-एच ने थ्रेड (प्रोग्रॅमच्या आतले वेगवेगळे धागे) दिसतात. आणि १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोर, म्हणून चार कोरच्या मशीनवर २८० दिसू शकतं, घाबरू नका.

लोड ॲव्हरेज, म्हणजे रांगेत असलेल्या कामांची सरासरी, ही वेगळी गोष्ट आहे. लिनक्समध्ये त्यात डिस्कसाठी अडकून बसलेल्या, म्हणजे डी अवस्थेतल्या प्रोसेसही मोजतात, त्यामुळे लोड आठ आणि प्रोसेसर तीन टक्के असं होऊ शकतं. तसं दिसलं तर प्रोसेसर सोडून डिस्क किंवा नेटवर्कवरचं फोल्डर तपासा. डब्ल्यूएचंही तसंच, तो वेळ रिकामाच असतो, प्रोसेसर त्यात तापत नाही. २०२३ च्या काही कर्नलात आयओ-युरिंग ही डिस्कशी बोलायची पद्धत वापरणारे प्रोग्रॅम, मारियाडीबी हा डेटाबेस त्यातला ठळक, चालू असले की डब्ल्यूए एका कोरला पूर्ण शंभर दाखवायचा आणि मशीन मात्र शांत असायचं, मोजणीची पद्धत बदलल्यामुळे. पंखा शांत, काम झरझर, फक्त आकडा मोठा, असं असेल तर हे डोक्यात ठेवा.

यूएस जास्त: बहुतेक वेळा ग्राफिक्स

घरच्या आणि दुकानातल्या मशीनवर मला सगळ्यात जास्त हेच सापडतं आणि काकांकडेही हेच निघालं, म्हणून सविस्तर.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर, वायफायचे काही ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स, ही कर्नलच्या बाहेरची मंडळी. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ती नव्याने बांधावी लागतात आणि ते काम डीकेएमएस करतं. बांधायला त्या कर्नलची हेडर, म्हणजे त्याच्या रचनेच्या फाइली, लागतात. हेडर नसली, किंवा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळला नाही, की मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा तुकडा, बनतच नाही, आणि तुम्हाला कुणी काही सांगतही नाही. मशीन चालू होतं, डेस्कटॉप दिसतो. पण एनव्हिडियाच्या पॅकेजने नुव्हो हा मोकळा ड्रायव्हर आधीच बंद करून ठेवलेला असतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड बेकार बसतं आणि स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल प्रोसेसर स्वतः रंगवतो.

ओळखायचं कसं? मेसा-यूटिल्स पॅकेज टाका, मग जीएलएक्सइन्फो -बी चालवा, रेंडररच्या ओळीत तुमच्या कार्डाचं नाव यायला हवं. तिथे एलएलव्हीएमपाइप, म्हणजे प्रोसेसरनेच रंगवणं, असं दिसलं की झालं निदान. काकांकडे तेच दिसलं.

मग डीकेएमएस स्टेटस. ६.८ च्या पुढे इन्स्टॉल्ड लिहिलेलं होतं, ६.११ ची ओळच नव्हती. कारण शोधलं तर काही महिन्यांपूर्वी डिस्कवर जागा करताना मीच हेडरचं मेटापॅकेज (नवं व्हर्जन आपोआप ओढून आणणारं पॅकेज) काढलं होतं, इमेजचं राहिलं होतं, म्हणून नवा कर्नल आला आणि त्याची हेडर आलीच नाहीत. उपाय असा: सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स- आणि त्याला जोडून यूनेम -आरचं पूर्ण उत्तर. हेडर बसली की डीकेएमएस आपोआप बांधायला घेतो, नाही घेतलं तर सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल. बांधताना एरर आली तर /व्हार/लिब/डीकेएमएस मध्ये त्या मॉड्यूलच्या फोल्डरात मेक.लॉग असते, तिच्या शेवटच्या वीस ओळी वाचा. जुन्या कार्डाचा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधलाच जात नसेल तर तिथे हट्ट करू नका, नुव्होवर जा किंवा जुना एलटीएस कर्नल धरून ठेवा, फार जुन्या कार्डांसाठी कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलेलं आहे.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही चालू न देणारी सोय, चालू असेल तर अजून एक अडथळा. मॉड्यूल बनतं पण सही नसल्यामुळे कर्नल ते आत घेत नाही. मोकयुटिल --एसबी-स्टेट ने चालू आहे का कळतं. ड्रायव्हर टाकताना जो पासवर्ड ठरवायला सांगतात तो पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर एनरोल मोक निवडून द्यायचा असतो, लोक ती स्क्रीन बघून गोंधळतात आणि कंटिन्यू दाबून पुढे जातात, मग परत तेच रडगाणं.

काकांचं मशीन पावणेपाचला रिस्टार्ट केलं, जीनोम-शेल ४ टक्क्यांवर, पंखा बसला. काका म्हणाले, "आता हे परत होणार नाही ना?" मेटापॅकेज परत बसवलं तेव्हा कुठे मी हो म्हणालो: लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४, हे असलं की इमेज आणि हेडर जोडीने येतात.

एसवाय जास्त: केवर्कर कोण आहे ते विचारा

टॉपमध्ये केवर्कर नावाचे धागे वर दिसले की लोक ते किल करायला जातात. होत नाही, ते कर्नलचे नोकर आहेत, काम दुसरंच कुणीतरी त्यांना देतंय. त्यांच्या नावात शेवटी कामाचं नाव असतं, प्लस असेल तर ते काम आत्ता चालू आहे, मायनस असेल तर शेवटचं केलेलं. यूएसबी-हब दिसलं तर ताईसारखी भानगड, डीमेसेज बघा आणि एकेक यूएसबी काढा. केएसीपीआयडी दिसलं, किंवा आयआरक्यू/९-एसीपीआय धागा वर असला, तर बायोस आणि कर्नलचं पटत नाहीये.

हे दुसरं प्रकरण लॅपटॉपवर बऱ्याचदा येतं. ग्रेप -आर . /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स असं टाका. जीपीई आणि पुढे दोन आकडी कोड अशा खूप ओळी येतील, बहुतेकांपुढे शून्य किंवा दोन-चारशे. एखाद्यापुढे लाखांत आकडा असेल आणि पाच सेकंदांनी परत टाकल्यावर तो अजून हजारोंनी वाढला असेल तर चोर सापडला. आधी कंपनीच्या साइटवर नवा बायोस आहे का ते बघा, तो खरा उपाय. तोपर्यंत रूट होऊन त्या फाइलीत डिसेबल हा शब्द इको करायचा, लगेच शांत होतं, पण रिस्टार्टनंतर परत येतं. कायमसाठी ग्रबमधून कर्नलला बूटच्या वेळी दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत एसीपीआय_मास्क_जीपीई= आणि तो कोड, पुढे ०एक्स लावून. हे केल्यावर झाकण बंद केल्यावर झोपणं, ब्राइटनेसची बटणं, चार्जिंगचा आकडा हे सगळं नीट चालतंय का तपासा, कारण तोच इंटरप्ट कधी कधी त्यांचाही निरोप आणत असतो.

नावावरून काहीच कळत नसेल तर पर्फ टॉप. त्यासाठी लिनक्स-टूल्स पॅकेज चालू कर्नलच्याच व्हर्जनचं लागतं, नाहीतर ते चालत नाही. सुडो पर्फ टॉप टाकलं की कर्नलच्या आतल्या कुठल्या फंक्शनमध्ये वेळ जातोय ते जिवंत दिसतं. प्रोग्रॅमर नसाल तरी नाव बघून अंदाज येतो, बीटीआरएफएस, आय९१५, एक्सएचसीआय असे तुकडे नावात असतात, म्हणजे अनुक्रमे फाइलसिस्टम, इंटेलचं ग्राफिक्स, यूएसबी. पर्फ रेकॉर्ड -ए -जी -- स्लीप १० करून तो रिपोर्ट ठेवा, पुढे बग लिहिताना सोन्यासारखा उपयोगी पडतो.

एसवायच्या मागे लपणारं अजून एक कारण म्हणजे घड्याळ. /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स ही फाइल बघा, टीएससी (प्रोसेसरच्या आतलं वेगवान घड्याळ) असायला हवं. नव्या कर्नलने टीएससीवर अविश्वास दाखवून एचपीईटी हे हळू घड्याळ घेतलं असेल, डीमेसेजमध्ये टीएससी अनस्टेबल असं येतं, तर वेळ विचारायला प्रत्येक प्रोग्रॅमला कर्नलचं दार ठोठावावं लागतं, आणि डेटाबेस, जावा, ब्राउजर हे तर सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारतात. बायोस अपडेट करून बघा आधी.

इंटरप्ट

एचआय किंवा एसआय वर असेल तर वॉच -एन१ -डी कॅट /प्रोक/इंटरप्ट्स लावा, बदलणारे आकडे उठून दिसतात. झपाट्याने पळणाऱ्या ओळीच्या शेवटी उपकरणाचं नाव असतं. नेटवर्क कार्ड असेल आणि खरंच डाउनलोड चालू असेल तर ते स्वाभाविक आहे. काहीच चालू नसताना पळत असेल तर ते उपकरण बायोसमधून किंवा मॉड्यूल काढून बंद करा आणि बघा, एवढंच.

टक्केवारी खोटी नाही, पण कशाची टक्केवारी?

कुणीच जास्त खात नाही, सगळेच थोडे थोडे जास्त खातायत, असं दिसलं तर स्पीड बघा. ५० टक्के म्हणजे आत्ताच्या स्पीडच्या पन्नास. तीन गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर अडकला तर जे काम वीस टक्क्यांत व्हायचं ते सत्तर-पंच्याहत्तर खातं. ग्रेप मेगाहर्ट्झ /प्रोक/सीपीयूइन्फो टाका (मेगाहर्ट्झच्या जागी MHz, त्यातले एम आणि एच मोठे), काम चालू असताना. मग सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो, त्यात ड्रायव्हर आणि गव्हर्नर (स्पीड कधी वाढवायचा ते ठरवणारा नियम) दिसतो. दोन्ही कर्नलवर हे लिहून ठेवा, कारण ड्रायव्हरच बदललेला असू शकतो, एएमडीच्या नव्या प्रोसेसरना ६.५ पासून एएमडी-पीस्टेट आपोआप लागायला लागला, आधी एसीपीआय-सीपीयूफ्रेक असायचा.

४०० किंवा ८०० वर ठाम अडकलेला असेल तर चार्जर बदलून बघा. मूळ चार्जर ओळखला नाही तर काही लॅपटॉप स्पीड बांधून ठेवतात, यात कर्नलचा काही दोष नाही. आणि पंखा उघडून धूळ काढा, हे मी अगदी कळकळीने सांगतो, आपल्याकडच्या धुळीत वर्षभर न उघडलेला हीटसिंक म्हणजे गोधडी पांघरलेला प्रोसेसर.

नव्या कर्नलमध्ये सुरक्षेचे उपायही येतात आणि त्यांची किंमत असते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी बाहेर आल्या, जुलै २०२२ मध्ये रेटब्लीड, ऑगस्ट २०२३ मध्ये डाउनफॉल, प्रत्येक वेळी कर्नलमध्ये बंदोबस्त वाढला आणि जुन्या इंटेलवर तो जास्त जाणवतो. एलएससीपीयूच्या शेवटी ही सगळी यादी दिसते. दोन्ही कर्नलवरची यादी शेजारी ठेवून बघा. मिटिगेशन्स=ऑफ असा पर्याय आहे, पण तो मी फक्त पाच मिनिटं मोजण्यापुरता लावतो, इंटरनेटला जोडलेल्या, त्यातून बँकेचं काम होणाऱ्या मशीनवर तो ठेवून देऊ नका. ५.१५ किंवा ६.५ वरून ६.८ ला आलात तर शेड्यूलरही, म्हणजे प्रोसेसर कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारा भाग, बदललाय, २००७ पासूनचा सीएफएस जाऊन ६.६ मध्ये ईईव्हीडीएफ आला, त्याने काही कामांचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पंखा गर्जेल इतके नाही.

केस्वॉपडी० दिसलं तर सावध

रॅम कमी पडली की केस्वॉपडी०, म्हणजे रॅम मोकळी करणारा कर्नलचा धागा, खरोखर प्रोसेसर खातो. फ्री -एच बघा, अव्हेलेबल तळाला गेलं असेल तर ब्राउजरच्या टॅब बंद करा. पण रॅम मोकळी असूनही हे नाव वर असेल तर पीएस -ईएफ मध्ये शोधा. खऱ्या कर्नल धाग्याचं नाव चौकोनी कंसात असतं, त्याचा मालक रूट आणि पालक प्रोसेस २ असते. नाव केस्वॉपडी० पण मालक कुणी साधा यूजर असेल तर ते तुमच्या प्रोसेसरवर चोरून क्रिप्टो खणणारं मालवेअर आहे, हे नाव ते मुद्दाम घेतात. तिथे कर्नलची चौकशी बंद, नेटची वायर काढा, डेटा बाहेर घ्या, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि सिस्टम नव्याने टाका.

तात्पुरता जुना कर्नल, आणि पुढे

दोष नव्या कर्नलचाच आहे हे ठरलं आणि उपाय हातात नाही, तर काम थांबवू नका. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड आणि ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू या दोन ओळी ठेवा (बरोबरच्या चिन्हाआधीची नावं मात्र मोठ्या अक्षरांत), सुडो अपडेट-ग्रब करा, मग मेनूत एकदा जुना निवडला की पुढे तोच चालू होत राहतो. आणि सुडो एपीटी-मार्क होल्ड करून कर्नलची मेटापॅकेजं थांबवा, इमेजचं आणि हेडरचं दोन्ही. पण होल्ड केल्यावर सुरक्षेचे पॅचही थांबतात, म्हणून मी फोनमध्ये पंधरा दिवसांनंतरचा रिमाइंडर लावतो, त्या दिवशी अनहोल्ड, नवा कर्नल, परत तीच परीक्षा.

आणि बग नक्की नोंदवा, तुमच्यासारखंच मशीन असलेले अजून कितीतरी जण तिथे शोधत येतात. उबुंटूवर उबुंटू-बग लिनक्स ही कमांड हार्डवेअरची सगळी माहिती आपोआप जोडते. तुम्ही लिहायचं ते एवढंच: कुठल्या कर्नलवर चांगलं होतं, कुठल्यावर बिघडलं, दोन्ही वेळचे व्हीएमस्टॅटचे आकडे, पर्फचा रिपोर्ट, डीमेसेज. "खूप स्लो आहे" असं लिहिलेल्या बगकडे कुणी बघत नाही, आकडे असले की बघतात. हौस असेल तर गिट बायसेक्टही, म्हणजे बदलांची यादी अर्धी अर्धी करत दोषी बदल शोधणं, करता येतं, एका कर्नल व्हर्जनमध्ये साधारण चौदा-पंधरा हजार बदल असतात पण प्रत्येक वेळी अर्धे गळत जातात, म्हणून चौदाएक वेळा कर्नल बांधून आणि बूट करून नेमका बदल सापडतो. जुन्या आय३ वर एकेका बांधणीला दोन-तीन तास जातात, तेव्हा रात्री लावून झोपायचं आणि सकाळी पोहे खाता खाता बूट करून बघायचं.